आत्या की मावशी? नातं शोधणारी डीएनए चाचणी करताना

संगणकावर आकडा आला १,७८८. त्याच्यापुढे फक्त दोन शब्द, "जवळचं कुटुंब". माझी आई ७१ वर्षांची, तिच्याशी डीएनए जुळणाऱ्यांच्या यादीत आलेली ती बाई ४६ वर्षांची, आणि आम्ही एकमेकींची नावंही कधी ऐकलेली नव्हती. आई तान्ही असताना एका संस्थेतून दत्तक गेली. ज्यांनी तिला वाढवलं ते माझे आजी-आजोबा, त्याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. पण दवाखान्यातल्या प्रत्येक फॉर्मवर "कौटुंबिक इतिहास" नावाचा रकाना असतो, आणि आईने तो आयुष्यभर आडवी रेघ मारून सोडून दिला. तिची ती रेघ बघून बघून मी माझ्याही फॉर्मवर अर्धी रेघ मारायला शिकले. चाचणी करायचं ठरलं ते त्या रकान्यापायी.

या कामात मला तीन वर्षं लागली. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना मी नमुना घ्यायला आणि अहवाल वाचायला मदत केली. त्या अनुभवातून हे लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. लोक विचारतात, "कोणती टेस्ट करू?" खरा प्रश्न आहे, "कोणाचा नमुना घेऊ?" योग्य माणसाचा नमुना मिळाला तर साधी चाचणीही उत्तर देते. चुकीच्या माणसाचा घेतला तर सगळ्यात महागडी चाचणीही "शक्य आहे" एवढ्यावर थांबते.

प्रश्न एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि प्रश्न लिहा. "अमुक माणूस या मुलाचा जैविक पिता आहे का?" हा एक प्रकार झाला. "आम्ही दोघं सख्खे भाऊ आहोत की सावत्र?" हा दुसरा. "माझ्या आईचे जन्मदाते कोण?" हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांत माणसं ठरलेली असतात, फक्त त्यांच्यातलं नातं तपासायचं असतं. तिसऱ्यात माणसंच माहीत नसतात. या दोन गोष्टींसाठी चाचण्याही दोन वेगळ्या आहेत. चुकीची निवडलीत तर पैसे आणि महिने दोन्ही जातात.

माणसं ठरलेली असतील तर प्रयोगशाळेतली मार्कर चाचणी करतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कोणात तो ९ वेळा येतो, कोणात १२ वेळा. अशा वीसेक जागा मोजतात आणि दोन माणसांचे आकडे जुळवून बघतात. माणसं माहीत नसतील तर मोठ्या डेटाबेसची चाचणी लागते. तिच्यात डीएनएमधल्या काही लाख जागा वाचतात आणि तिथे आधीपासून असलेल्या लाखो लोकांशी तुमचा किती भाग जुळतो ते दाखवतात. पहिलीचं उत्तर बहुतेकदा हो किंवा नाही असं येतं. दुसरीचं उत्तर म्हणजे नातलगांची एक लांबलचक यादी, आणि ती उलगडायचं काम तुमचंच असतं.

पितृत्वाचा अहवाल कसा वाचायचा

हे मी जरा सावकाश सांगते, कारण अहवाल हातात आल्यावर लोक शेवटची टक्केवारी तेवढी बघतात आणि वरचा तक्ता सोडून देतात. सगळं म्हणणं त्या तक्त्यातच असतं.

समजा तक्त्यात डी२१एस११ नावाच्या जागेची ओळ आहे. मुलासमोर २९ आणि ३१.२ (म्हणजे ३१ पूर्ण तुकडे आणि वर दोन अक्षरं) लिहिलंय, आईसमोर २९ आणि ३०. प्रत्येक जागी प्रत्येकाला दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. इथे मुलाला आईकडून २९ मिळाला हे उघड आहे. म्हणजे ३१.२ वडिलांकडूनच यायला हवा. आता त्या पुरुषाची ओळ बघा. तिथे ३१.२ असेल तर ही जागा जुळली. नसेल तर नाही जुळली. असं वीसेक ओळींवर बोट ठेवून करत जायचं. अर्ध्या तासात कोणालाही जमतं, आणि एकदा स्वतः करून पाहिलं की टक्केवारीवर विश्वास ठेवायला दुसऱ्या कोणाची गरज लागत नाही.

सगळ्या जागा जुळल्या की प्रयोगशाळा प्रत्येक जागेसाठी एक गुणोत्तर काढते. हा पुरुष पिता असेल तर असे आकडे येण्याची शक्यता किती, आणि रस्त्यावरचा कोणीही अनोळखी पुरुष पिता असेल तर किती, याची ती तुलना. सगळी गुणोत्तरं एकमेकांशी गुणतात. तो गुणाकार १०० आला तर टक्केवारी सुमारे ९९ होते, १,००० आला तर ९९.९. म्हणून ९९ टक्के म्हणजे भक्कम असं समजू नका. चांगल्या अहवालात गुणाकार लाखांत किंवा त्याहून पुष्कळ वर असतो. १०० टक्के मात्र कोणतीही प्रामाणिक प्रयोगशाळा लिहिणार नाही. नकार देताना शून्य टक्के लिहितात.

एखादीच जागा जुळली नाही म्हणून घाबरू नका. बाप लेकाला आकडा देताना कधीकधी एका घराने चुकतो, १४ चा १५ होतो. एका मार्करवर हजार जन्मांत साधारण एक ते चार वेळा असं घडतं, म्हणून एका विसंगतीवर नकार देत नाहीत. खरंच नातं नसेल तर कितीतरी जागा एकदम ढासळतात, ते तक्त्यावर नुसती नजर टाकली तरी दिसतं.

आईचा नमुना सक्तीचा नसतो, तरी शक्य असेल तर द्यावा. वरच्या उदाहरणात आई नसती तर २९ कोणाकडून आला आणि ३१.२ कोणाकडून हे कळलंच नसतं. आणखी एक गोष्ट. संशय दोन सख्ख्या भावांपैकी कोण असा असेल तर ते प्रयोगशाळेला आधी स्पष्ट सांगा. टक्केवारीचं गणित अनोळखी पुरुषाशी तुलना करून मांडलेलं असतं. भावाशी अर्धा डीएनए जुळतोच, त्यामुळे त्या गणितात भाऊ बसत नाही. अशा वेळी दोघांचेही नमुने घेणं हाच सरळ मार्ग. जुळे आणि तेही एकसारखे असतील, तर ही नेहमीची चाचणी त्यांच्यात फरक करू शकत नाही.

रक्तगटावरून पितृत्व ठरवणारे लोक अजून भेटतात. पूर्वी तेवढंच हाताशी होतं. पण रक्तगट फार तर "हा नसावा" एवढं सुचवतो, आणि तेही कधीकधी चुकीचं निघतं. १९५२ मध्ये नोंदलेल्या बॉम्बे रक्तगटाच्या माणसाचं रक्त साध्या तपासणीत ओ दिसतं, पण त्याच्याकडे ए किंवा बीचा जनुक असू शकतो आणि तो मुलांत उतरतो. निव्वळ रक्तगट जुळत नाही म्हणून कोणत्याही बाईवर संशय घेऊ नये, हे मी कळकळीने सांगते.

कोणाला अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर तेही आधी सांगा. त्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, आणि लाळेतही रक्तातल्या पेशी उतरतात, म्हणून तिथेही गोंधळ होतो. तेव्हा मुळासकट उपटलेले केस किंवा असा दुसरा नमुना लागतो. क्वचित निसर्गच असा खेळ करतो. २००२ मध्ये अमेरिकेतलं एक प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं. मूत्रपिंड मिळेल का हे बघायला एका बाईच्या तीन मुलांची तपासणी केली, तर त्यातली दोन मुलं तिची नाहीतच असं दिसलं. तिनेच जन्म दिलेली मुलं! पुढे तिच्या शरीरात दोन वेगळ्या डीएनएच्या पेशी सापडल्या. गर्भावस्थेत दोन भ्रूण एकत्र होऊन ती जन्मली होती. ही फार दुर्मीळ गोष्ट आहे, पण अहवाल आणि आयुष्य अगदीच विरुद्ध बोलत असतील तर दुसऱ्या अवयवाचा नमुना मागायचा हक्क तुम्हाला आहे.

वडील हयात नसतील तर

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर असं की त्यांचा डीएनए त्यांच्या माणसांत वाटून उरलेला असतो. त्यांचे आई-वडील दोघं असतील तर उत्तम, त्या दोघांच्या आकड्यांतून मुलाला काय मिळू शकलं असतं ते जवळजवळ पूर्ण कळतं. ते नसतील तर त्यांची निर्विवाद मुलं किंवा सख्खी भावंडं. एकापेक्षा दोन बरी, दोनापेक्षा तीन.

हे काही आजचं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांना १० सप्टेंबर १९८४ ला लेस्टर विद्यापीठात डीएनएचे ठसे पहिल्यांदा दिसले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यासमोर आलेलं पहिलं प्रकरण असंच होतं. घानाहून ब्रिटनला परतणाऱ्या एका मुलाला अधिकाऱ्यांनी अडवलं, तो त्या आईचा मुलगाच नाही म्हणून. वडिलांचा नमुना उपलब्ध नव्हता. आई आणि तीन भावंडांच्या ठशांवरून वडिलांचा वाटा उभा केला आणि मुलगा घरी राहिला. अर्जेंटिनात तर मधली पिढीच नाहीशी केलेली होती. १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत पळवलेली नातवंडं शोधणाऱ्या आज्यांनी शास्त्रज्ञांना विचारलं, आमच्या रक्तावरून नातू ओळखता येईल का? मेरी-क्लेअर किंग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आजी-नातवंडाचं नातं ताडून पाहायची पद्धत बसवली, आणि आजवर १३० हून जास्त नातवंडं ओळखली गेली आहेत.

मृत व्यक्तीच्या वस्तूंवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी दोन शब्द. कापलेल्या केसांत मूळ नसतं, त्यामुळे या चाचणीला लागणारा डीएनए त्यात सहसा मिळत नाही. दात घासायचा ब्रश, दाढीचं ब्लेड यातून मिळू शकतो, पण ती वस्तू त्याच माणसाने एकट्याने वापरली होती का हे कोण सांगणार? शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेला ऊतीचा तुकडा रुग्णालयाने मेणात जपून ठेवलेला असेल तर तो विचारून बघा. त्यातला डीएनए तुटलेला असतो, पण पुष्कळदा काम होतं.

भावंडांच्या चाचणीत मात्र पितृत्वासारखं खणखणीत उत्तर येईलच असं नाही. सख्ख्या भावंडांना काही जागी एकही आकडा सारखा मिळत नाही, आणि तरी ती सख्खीच असतात. तिथे उत्तर "सख्खे असण्याची शक्यता सावत्र असण्यापेक्षा इतक्या पट जास्त" असं येतं. दोघांच्या आईचा नमुना जोडला तर ते बरंच पक्कं होतं. पुरुषांमध्ये वाय गुणसूत्राची तपासणी जोडता येते, कारण ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. पण तेच वाय काका, चुलतभाऊ, आजोबा सगळ्यांकडे असतं. वाय जुळलं म्हणजे घराणं कळलं, त्यातला माणूस कोण हे नाही.

कोर्टासाठी की स्वतःसाठी

निकाल कधीही कोर्टात, वारसाहक्कात किंवा व्हिसासाठी लागणार असेल तर घरी घेतलेला नमुना चालत नाही. नमुना दिलेला माणूस तोच होता हे कागदावर सिद्ध व्हावं लागतं. त्रयस्थ माणूस ओळखपत्र बघतो, फोटो आणि सही घेतो, पाकीट सर्वांसमोर सील करतो आणि पुढे ते कोणाकोणाच्या हातातून गेलं याची नोंद राहते. प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ किंवा एएबीबीची मान्यता आहे का, आणि तुमच्या कामासाठी कोणती चालते, हे आधी विचारा. घरचा अहवाल हाती घेऊन कोर्टात गेलेल्या माणसाला सगळं पुन्हा करावं लागतं.

झोपलेल्या मुलाच्या गालात काडी फिरवणं किंवा नवऱ्याच्या कंगव्यातले केस गुपचूप पाठवणं हे करू नका. कित्येक ठिकाणी तो गुन्हा आहे. आणि गुन्हा नसला तरी, कोणाच्या जन्माची गोष्ट त्याच्या मागे उघडायचा अधिकार आपल्याला नाही.

नमुना घेताना

कापसाच्या काडीचा असेल तर तासभर आधी काही खाऊ-पिऊ नका, ब्रश करू नका, पाण्याने चूळ भरा. काडी गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या आणि खालच्या हिरडीच्या मध्ये, गोल फिरवत घासायची. गालाला बाहेरून थोडा फुगवटा दिसला पाहिजे इतका दाब द्या. मनात तीस मोजा. आपल्याला लाळ नको असते, गालाच्या पेशी हव्या असतात, म्हणून नुसती ओली करून काढलेली काडी उपयोगाची नाही. टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका. मग स्वच्छ पेल्यात टोक वर ठेवून उभी करा आणि खोलीतल्या हवेत वाळू द्या. कागदी पाकिटातच ठेवायची. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि ते डीएनए खातात. अंगावर पिणारं बाळ असेल तर शेवटच्या दुधानंतर तासभर थांबा, नाहीतर आईच्या पेशी मिसळतात. दोन माणसांचे नमुने एकाच बैठकीत घेत असाल तर पहिल्याचं पाकीट बंद करून, नाव लिहूनच दुसऱ्याला हात लावा.

आमची चाचणी लाळेची होती. नळी, तिच्यावर एक रेघ, तिथपर्यंत लाळ भरायची. अर्धा तास आधी पाणीसुद्धा नाही. आईला रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. वीस मिनिटं ती नळी धरून बसली होती, मध्येच म्हणाली, "अगं, आता नाही येत." मी नळी उजेडाकडे धरली, रेघेपर्यंत भरलेली दिसली आणि झाकण लावलं. दीड महिन्यांनी कळवलं गेलं की नमुना अपुरा आहे. रेघेपर्यंत दिसलं त्यात निम्मा फेस होता. फेस मोजायचा नसतो, खालची पातळ लाळ मोजायची. दुसऱ्या वेळी सकाळी उठल्या उठल्या बसलो, गाल बाहेरून बोटांनी हलकेच चोळत राहायला सांगितलं, जीभ हिरड्यांवरून फिरवायला सांगितली, आणि घाई केली नाही. फेस बसेपर्यंत नळी उभी ठेवली, मग पातळी पाहिली. या वेळी ती रेघेच्या वर होती.

सगळ्यात वयस्कर माणूस आधी

खरं तर मी आधी माझाच नमुना पाठवला होता. वाटलं, मी तिचीच मुलगी, एकच गोष्ट. एकच नाही. आईचा निम्मा डीएनए माझ्यात आहे, उरलेला निम्मा माझ्यात नाहीच. तिच्या नातलगांशी माझं जुळणं तिच्याहून निम्मं, आणि लांबच्या नातलगांपैकी कित्येक माझ्या यादीत दिसलेच नाहीत. त्या ४६ वर्षांच्या बाईशी माझा आकडा ९०५ होता. तेवढ्यात सख्खं मामे-मावस भावंडही बसतं आणि आणखी पाच-सहा नातीही. आईचा आकडा आला तेव्हा कुठे दिशा कळली. घरात एखादी ऐंशीची आजी असेल तर नातवंडांच्या चाचण्या बाजूला ठेवा, आधी तिला विचारा. ती आहे तोवरच हे होणार आहे.

हे आकडे सेंटिमॉर्गन या एककात येतात, दोन माणसांचा किती डीएनए सारखा आहे ते मोजायचं हे माप. ब्लेन बेटिंगर यांनी हजारो लोकांनी स्वतःहून दिलेल्या आकड्यांवरून तक्ता केला आहे, त्याची २०२० ची आवृत्ती मी कायम जवळ ठेवते. पालक आणि मूल सरासरी ३,४८५. सख्खी भावंडं २,६१३. सावत्र भावंडं १,७५९, आजी-नात १,७५४, आत्या किंवा मावशी आणि भाची १,७४१. सख्खी चुलत-मावस भावंडं ८६६, त्यापुढची पिढी २२९. सरासरी सोडा, पल्ला बघा. सख्ख्या चुलत भावंडांत हा आकडा ३९६ पासून १,३९७ पर्यंत सापडलेला आहे. म्हणून एका आकड्यावरून नातं सांगणाऱ्यावर विसंबू नका. वय, पिढी आणि इतर माणसं जोडूनच नातं ठरतं. आणि ज्या घराण्यांत पिढ्यानपिढ्या नात्यातच लग्नं झाली, तिथे आकडे फुगतात, लांबचा माणूस जवळचा वाटतो. अशा वेळी एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा किती ते बघा.

जवळचं कोणीच आलं नाही, नुसती २०० ते ४०० ची माणसं आली, तर धीर सोडू नका. यादीतल्या पहिल्या माणसाला एक रंग द्या. त्याच्याशी ज्यांचं ज्यांचं जुळतं त्यांनाही तोच रंग. रंग न मिळालेल्या पहिल्या माणसाला दुसरा रंग, असं खाली जा. बहुतेकदा चार गट पडतात, चार आजी-आजोबांचे. डेना लीड्स यांनी २०१८ मध्ये मांडलेली ही पद्धत वहीत रंगीत पेन्सिलींनीही होते. ९० च्या खालची माणसं त्यात घेऊ नका, आणि ४०० च्या वरचीही नको, ती दोन गटांत पाय ठेवून असतात.

पहिला निरोप

१,७८८ बघून मला त्या बाईला पानभर लिहावंसं वाटलं होतं. चार दिवस थांबले ते बरं झालं. समोरच्या माणसाने कदाचित गंमत म्हणून चाचणी केलेली असते, आणि आपल्या निरोपाने त्याच्या आजोबांबद्दलची समजूत हलू शकते. मी शेवटी एवढंच लिहिलं: "नमस्कार. माझ्या आईचं आणि तुमचं जवळचं नातं दिसतं आहे. तिचा जन्म ७१ वर्षांपूर्वीचा, आणि तिच्या जन्मदात्यांबद्दल आम्हाला माहिती नाही. आमची कोणतीही मागणी नाही. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर मला आनंद होईल, नाही वाटलं तरी मी समजून घेईन." "दत्तक" हा शब्द मुद्दाम टाळला, आणि "तुमचे आजोबा" असं काहीही लिहिलं नाही. उत्तर यायला अकरा आठवडे लागले. मध्ये पुन्हा निरोप पाठवला नाही.

चाचणीआधी आईशी एक बोलणं झालं होतं, ते तुमच्याही घरी व्हावं. अशा डेटाबेसमधली माहिती फक्त तुमची नसते, तुमच्या भावंडांची आणि मुलांचीही असते. २०१८ मध्ये अमेरिकेत जुन्या खुनांचा आरोपी दूरच्या नातलगांच्या डीएनएवरून सापडला. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं द्या, पासवर्ड वेगळा ठेवा, दोन पायऱ्यांची ओळख चालू करा, पोलिसांच्या शोधाला संमती आहे की नाही तो पर्याय स्वतः निवडा. आणि तुमच्या मागे खातं कोण सांभाळेल, ते आजच ठरवा. आईने माझं नाव लिहून दिलं आणि खाली जोडलं, "काम झालं की काढून टाक."

आत्या

आपल्या भाषेने या नात्यांना वेगवेगळी नावं दिली. सेंटिमॉर्गनच्या आकड्याला आत्या आणि मावशी यांतला फरक कळत नाही, सावत्र बहीणही तो त्यांच्याच ओळीत बसवतो. तो फरक दुसरीकडून काढावा लागतो.

मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा तयार करणारे बारीक घटक, यांचा वेगळा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना जातो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात. माझी आई त्या बाईची मावशी असती, किंवा दोघी एका आईच्या मुली असत्या, तर दोघींचा मातृवंश एकच निघाला असता. मातृवंशाच्या गटांना अक्षरांची नावं असतात. अहवालात आईचा गट एम होता, त्या बाईचा यू. मावशी गेली, एका आईची बहीणही गेली. उरली वडिलांकडून सावत्र बहीण, नाहीतर आत्या. इथे एक्स गुणसूत्र कामी येतं. बापाकडे एकच एक्स असतं आणि ते तो प्रत्येक मुलीला जवळजवळ अख्खं देतो, म्हणून एका बापाच्या दोन मुलींचं एक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे १९६ सेंटिमॉर्गन, जुळायलाच हवं. सगळ्या कंपन्या हे दाखवत नाहीत. तिच्या संमतीने दोघींच्या कच्च्या फायली जेडमॅचवर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायली ताडून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, चढवल्या. एक्सवर तीन तुकडे जुळले, बेरीज ८८. बहीणही गेली. आत्या.

म्हणजे तिचे वडील माझे मामा. ते हयात होते, ७३ वर्षांचे. ते स्वतः म्हणाले, माझीही करा. निकाल आला २,७०२. सख्ख्या भावंडांत काही भाग आईकडूनही सारखा आणि वडिलांकडूनही सारखा असा दोन्ही बाजूंनी जुळतो, साधारण एक चतुर्थांश. सावत्र भावंडांत तसा भाग नसतोच. जेडमॅचवर तो हिरव्या रंगात दिसतो, एका बाजूने जुळलेला पिवळा, न जुळलेला लाल. आईला चष्मा लावून बसवलं. पहिल्या गुणसूत्राच्या पट्टीवर पिवळ्याच्या मधोमध हिरवा पट्टा होता, रुंद. तिने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे दोघांचं?" मी हो म्हटलं. तिने बोट काढलं नाही. खालच्या पट्ट्यांवर मी एकेक हिरवं दाखवत गेले, ती मोजत गेली.

पुढच्या बोलण्यात मामांनी सांगितलं की त्यांना काचबिंदू आहे, त्यांच्या वडिलांनाही होता. आपण केलेली चाचणी नातं सांगते, आजार सांगत नाही. पण सख्ख्या भावंडाला काचबिंदू असेल तर डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्यावी लागते, कारण सुरुवातीला काहीच जाणवत नाही. गेल्या महिन्यात आईला घेऊन गेले. फॉर्मवरच्या त्या रकान्यात तिने स्वतः लिहिलं: वडील, काचबिंदू. भाऊ, काचबिंदू. तिचा दाब थोडा जास्त निघाला, थेंब सुरू केले आहेत. माझी तपासणी येत्या आठवड्यात आहे.